हंड्यांनी दिलेली वाट

एकदा एक वृद्ध छायाचित्रकार होता आणि त्याच्यापाशी एक अशी लेन्स होती, की ती कुणाच्या हाती सोपवावी या विचारात त्याची दहा वर्षे गेली. ज्यांनी मोबाइलपलीकडे कॅमेरा धरलेला नाही, त्यांच्यासाठी या लेन्सविषयी थोडे सांगणे भाग आहे. कंटाळू नका, पुढे जे विपरीत घडले ते सगळे या थोडक्यातूनच निघाले आहे.

उंच भिंतीसमोर उभे राहून आपण फोन वर करतो आणि भिंत मागे कलंडल्यासारखी दिसू लागते. दोष भिंतीचा नसतो, आपण मान वर केली त्याचा असतो. टिल्ट-शिफ्ट नावाच्या लेन्सला मान वर करावी लागत नाही. कॅमेरा समतल ठेवायचा आणि लेन्स तेवढी आपल्या जागेवरून वर किंवा बाजूला सरकवायची, की खांब ताठच्या ताठ उतरतात. तीच लेन्स जराशी कलती केली, तर पायापुढच्या फरशीपासून समोरच्या भिंतीच्या पायथ्यापर्यंत जमीन सारखीच स्पष्ट येते. शिवाय ती रुंद कोनाची असली, तर दारात उभ्या राहणाऱ्याला सबंध दालन देऊन टाकते.

आता तिचे नखरे ऐका. वजनाला जड. फोकस स्वतः करणार नाही, हातानेच करावा लागेल. ट्रायपॉडवाचून पाऊल टाकणार नाही. फार सरकवली तर कोपरे अंधारतात आणि पुसट होतात, आणि कडेला उभ्या असलेल्या माणसाला ती असा ताणते की त्याने पुन्हा आपल्या वाटेला जाऊ नये. एकेका फोटोला अर्धा अर्धा तास लागतो. एवढे सांगून झाले की म्हातारा म्हणत असे, की तिचा खरा दोष याहून वेगळा आहे आणि तो कंपनीच्या पुस्तिकेत छापलेला नाही. तो कोणता, ते मात्र त्याने कधी सांगितले नव्हते.

या म्हाताऱ्याची एक शिष्या होती. वय तिशीचे, हात स्थिर, डोळा तयार. लग्नांचे फोटो काढता काढता कंटाळून ती त्याच्याकडे आली आणि सात वर्षे राहिली. त्याने तिला पहिल्या दिवशी शिकवलेला नियम सातव्या वर्षीही बदलला नव्हता. ट्रायपॉडच्या माथ्यावर काचेची एक नळी असते. तिच्यात पाणी, आणि पाण्यात गवंड्याच्या पाणसळीत असतो तसला बुडबुडा. आधी बुडबुडा मध्यावर आणायचा आणि मगच डोळा कॅमेऱ्याला लावायचा, असे तो सांगे. शिष्येला हा नियम बालवाडीतल्यासारखा वाटे, पण ती पाळत आली होती.

म्हाताऱ्याचे हात थरथरू लागले, तेव्हा त्याने लेन्स तिच्यासमोर ठेवली. एक काम एकटीने करून ये, म्हणाला. मनासारखे झाले तर ही तुझी. इतकी वर्षे तिने मनात जे धरले होते, ते आता एका फोटोवर येऊन ठेपले.

काम आले नदीकाठच्या एका गावातून. तिथल्या व्यापाऱ्याच्या आजोबांनी एक सभागृह बांधले होते आणि त्याला शंभर वर्षे होत होती. स्मरणिकेसाठी मुखपृष्ठाचा फोटो हवा होता. व्यापारी माणूस सज्जन, पण भिंतीच्या बाबतीत हळवा. गावात कुणी कुणी म्हणू लागले होते, की फोनवर फोटो काढला की सभागृहाची नदीकडची भिंत कललेली दिसते. व्यापाऱ्याला ते लागले होते. फोनच तसले असतात, तो म्हणे. आणि ही तर सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट, म्हणून सगळे गप्प बसत. शिष्या आली तेव्हा त्याने हात जोडून एवढेच सांगितले, की ताई, आमची भिंत ताठ दिसली पाहिजे.

सभागृह खरोखर देखणे होते. काळ्या-पांढऱ्या फरशा, समोर वीस फूट उंचीची भिंत, भिंतीत बसवलेले सहा सागवानी खांब आणि त्यांच्या मध्यभागी पुरुषभर उंचीचा बिलोरी आरसा. छताच्या तुळयांपासून पितळी साखळ्यांनी दिव्यांच्या बारा काचेच्या हंड्या सोडलेल्या, सहा या बाजूला आणि सहा त्या बाजूला, मधून चालण्यापुरती ऐसपैस वाट. हवा बंद होती. भिंतीपलीकडे नदी होती, तरी तिचा आवाज आत येत नव्हता. रखवालदाराने बाजूचे दार उघडले ते खांद्याचा रेटा देऊन. दरवर्षी त्या दाराच्या कडेला रंधा मारून घ्यावा लागतो, लाकूड फुगतं बहुतेक, तो आपणहून म्हणाला. शिष्येने ते ऐकले आणि विसरून गेली.

आरशासमोर कॅमेरा लावला तर आरशात आपणच दिसणार, हे कुणालाही कळते. तिने ट्रायपॉड मध्यापासून दोन पावले डावीकडे घेतला आणि लेन्स उजवीकडे सरकवली. आरसा चित्राच्या मध्यभागी आला, अगदी समोरून पाहावा तसा, आणि त्यात ती नव्हती. हे त्या लेन्सचे सर्वांत मोठे कौतुक. ट्रायपॉडच्या तीन पायांखाली तिने पिवळ्या चिकटपट्टीचे तीन तुकडे लावले, म्हणजे धक्का लागला तरी जागा हरवू नये. मग बुडबुडा मध्यावर आणला आणि डोळा लावला.

भिंतीचे खांब वर जाताना एकमेकांपासून दूर होत होते. फार नाही, थोडेसे. पडद्यावरच्या चौकटीच्या रेषांशी ते जुळेनात. तिने पुन्हा बुडबुडा पाहिला; तो मध्यावर होता. पुन्हा खांब पाहिले. ते फाकलेले होते. दोघांपैकी एकजण खोटा बोलत होता, आणि समोर शंभर वर्षांची सागवानी भिंत होती, तर हाताशी वीस वर्षे वापरलेली काचेची नळी. तिने नळीला खोटे ठरवले. कॅमेऱ्याचे तोंड केसाकेसाने वर करत गेली, तसे सहाही खांब रेषांवर येऊन बसले. बुडबुडा नळीच्या टोकाला गेला होता. त्याच्याकडे तिने पुन्हा पाहिले नाही.

फोटो उत्तम आला. व्यापाऱ्याने तो चांगला दोन हात रुंद छापून ओसरीत लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवू लागला. भिंत ओळंब्यात, म्हणजे टांगलेल्या दोरीइतकी सरळ होती. खांब सैनिकांसारखे उभे होते. हंड्यांचे मात्र कुणाच्या ध्यानात आले नाही, ते आले चौथ्या दिवशी, रखवालदाराच्या.

उजवीकडच्या सहा हंड्या उजवीकडे झुकल्या होत्या. डावीकडच्या सहा डावीकडे. भिंतीजवळच्या कमी, अलीकडच्या जास्त. साखळ्या ताठ होत्या, पण तिरप्या. आणि वारा असता तर बाराही एकाच दिशेला गेल्या असत्या. या तर मधून दुभंगल्या होत्या. कुणीतरी त्या वाटेवरून चालत होते आणि हंड्या अंग चोरून त्याला वाट देत होत्या. तो आरशाकडे चालला होता की आरशातून बाहेर येत होता, यावर गावात दोन मते पडली. आरशात तर कुणीच नव्हते. फोटो काढणारी बाई तरी दिसायला हवी होती, तीही नव्हती. शिष्येला हे कळले तेव्हा तिने फोटो पुन्हा उघडला नाही, कारण हंड्या तिने आधीच पाहिल्या होत्या. घरी पडद्यावर पाहिल्या, कडा ताणण्याची या लेन्सची खोडच आहे असे स्वतःला समजावले, आणि फोटो पाठवून दिला होता.

रखवालदाराने आणखी एक गोष्ट सांगितली आणि गावाचा उरलासुरला धीर सुटला. वाट मध्यभागी नव्हती. डावीकडच्या हंड्या कमी झुकल्या होत्या, उजवीकडच्या जास्त; म्हणजे चालणारा डाव्या अंगाने चालत होता. थोरले शेट, म्हणजे व्यापाऱ्याचे आजोबा, असेच चालत. मरेपर्यंत ते त्या दालनातून डाव्या अंगानेच गेले, कारण आरशात स्वतःला समोरून येताना पाहणे त्यांना सोसत नसे. हे रखवालदाराला त्याच्या वडिलांनी सांगितले होते.

व्यापारी घाबरला आणि घाबरलेला सज्जन माणूस जे करतो तेच त्याने केले. थोरल्या शेटांसाठी शांत, म्हणजे शांतीचा विधी, करायचे ठरवले. गुरुजी ठरले, मुहूर्त ठरला सकाळी अकराचा, आणि गावातून दीडशे माणसांना आमंत्रण गेले. बसायचे कुठे, तर अर्थातच सभागृहात. यजमान आणि घरचे लोक आरशाखाली, भिंतीला पाठ लावून. आता वाचकहो, तुम्हांला जे दिसू लागले आहे ते त्या गावात कुणालाही दिसत नव्हते, आणि मला हे लिहिताना आजही स्वस्थ बसवत नाही. ते दीडशे लोक एका भुतापासून सुटका मागायला नेमके त्या भिंतीखाली जाऊन बसणार होते.

त्या सकाळी शिष्येलाही बोलावणे आले. ती फोटोची प्रत घेऊन आधी म्हाताऱ्याकडे गेली. त्याने फोटो पाहिला. शाबासकी दिली नाही, रागावलाही नाही. चपला शोधू लागला आणि रिक्षा बोलाव म्हणाला.

ते पोहोचले तेव्हा नऊ वाजून गेले होते. सतरंज्या पडत होत्या. गुरुजी समिधा मोजत होते. म्हाताऱ्याने भिंतीकडे मान वळवूनसुद्धा पाहिले नाही. रखवालदाराला विचारले, की हंड्या उतरवायचा आकड्याचा बांबू कुठे आहे, आणि ती जी दाराजवळची उजवीकडची हंडी, फोटोत सर्वांत जास्त झुकलेली, तीच उतरव. दालनातली हालचाल थांबली. त्या हंडीला गेले चार दिवस कुणी हात लावला नव्हता. रखवालदाराने व्यापाऱ्याकडे पाहिले, व्यापाऱ्याने गुरुजींकडे, आणि गुरुजींनी समिधांकडे.

हंडी खाली आली. म्हाताऱ्याने तिच्या साखळीला सुताची दोरी जोडून घेतली आणि भिंतीच्या अगदी माथ्याशी, सणावारी तोरण बांधायच्या कडीत, बांबूने ती अडकवायला लावली. थोरल्या शेटजींची हंडी भिंतीवर टांगतात, हा काय प्रकार, कुणीतरी पुटपुटले. हंडी दोनतीनदा हेलकावली, स्वतःभोवती अर्धा फेरा फिरली आणि जमिनीपासून हातभर अंतरावर थांबली.

म्हाताऱ्याने शिष्येला जवळ बोलावले. वर कडीपाशी दोरी आणि भिंत यांच्यामध्ये दोन बोटे मावत होती. खाली त्याने आपला थरथरता पंजा ताणून साखळी आणि भिंत यांच्यामध्ये धरला, तर वीत पुरली नाही. भिंतीचा माथा पायथ्यापेक्षा वीतभर आत आला होता. शंभर वर्षांत, रोज थोडा थोडा, सगळ्यांच्या देखत.

तिला सगळे एकदम कळले. फुगलेले दार कळले, फाकलेले खांब कळले आणि नळीच्या टोकाला गेलेला बुडबुडा कळला.

म्हातारा हलक्या आवाजात बोलला, फक्त तिला ऐकू जाईल इतकाच.

"हंडीला भीड नसते, बाळ. जमीन कुठे आहे एवढंच तिला कळतं. तू भिंतीला खरं मानलंस आणि कॅमेरा भिंतीइतकाच वाकवलास. मग भिंत सरळ दिसली आणि जे सरळ होतं ते वाकडं दिसायला लागलं. आता ये, त्या वाट कुणाला देत होत्या ते बघू."

त्याने फोटो उघडला. हंड्या जिथे दुभंगत होत्या, ती उभी रेघ बोटाने धरून तो दालनात मागे मागे चालत गेला. मध्यापासून डावीकडे, दोन पावलांवर, दाराजवळ तो थांबला. त्याच्या पायांच्या भोवती फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीचे तीन तुकडे होते.

शिष्येने खाली पाहिले. भुताची वाट तिच्याच पायांपाशी येऊन संपत होती.

"कॅमेरा असा वर वाकला," म्हातारा म्हणाला, "की त्याच्या डाव्या-उजव्या हाताची प्रत्येक लोंबती वस्तू त्याच्यापासून बाहेर झुकते. तो जिथे उभा, तिथूनच दुभंग. तू मला सात वर्षं विचारतेस ना, या लेन्सचा खरा दोष कोणता? ती वाकडं सरळ करून देते, आणि करणाऱ्याला आरशातून बाजूला उभं राहू देते. तू त्या आरशात दिसली असतीस, तर लोकांनी तुला विचारलं असतं. तू नव्हतीस, म्हणून ते मेलेल्या माणसाला विचारताहेत."

एवढे बोलून तो ओसरीवर जाऊन बसला. पुढे काय करायचे ते त्याने सांगितले नाही. सांगितले असते तर ते त्याचे झाले असते.

शिष्या त्या तीन तुकड्यांपाशी उभी राहिली. सतरंज्यांवर माणसे येऊन बसू लागली होती. व्यापाऱ्याची म्हातारी आत्या पहिल्या रांगेत, आरशाच्या बरोबर खाली, भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती आणि सुपारी कातरत होती. खरे सांगून टाकले तर पुन्हा या परिसरात काम मिळायचे नाही, हे शिष्येला स्पष्ट दिसत होते. लेन्सही जाईल. आणि न बोलता निघून गेले तरी कदाचित काहीच होणार नाही. भिंत शंभर वर्षे उभी आहे, आणखी एक सकाळ उभी राहील. हा विचार तिच्या मनात आला आणि त्याची तिला फार लाज वाटली.

ती व्यापाऱ्यापाशी गेली आणि सर्वांसमोर म्हणाली, "शेटजी, आधी आत्याबाईंना तिथून उठवा. सगळ्यांना अंगणात न्या. फोटोत कुणी चालत नाहीये. तिथे मी उभी होते. तुमची भिंत आत कललीय आणि ते मी फोटोत लपवलं."

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. असे भलतेसलते सांगायला तुम्हांला कुणी शिकवले, असे तो प्रथम तिला म्हणाला. मग हंडीपाशी गेला. साखळी आणि भिंत यांच्यामध्ये त्याने स्वतःची वीत धरून पाहिली, दुसऱ्यांदा धरून पाहिली. मग गावाला काय सांगायचे, एवढे त्याने हळूच विचारले. शिष्या म्हणाली, की फोटो काढणाऱ्या बाईने चूक केली असे सांगा, ते खरेच आहे.

आत्याबाईंना उठवायला वेळ लागला, कारण त्यांना कमी ऐकू येई. शांत अंगणात झाली. गुरुजींनी दक्षिणेत काही कमी केले नाही.

सभागृह रिकामे झाल्यावर शिष्येने दारातून एक फोटो काढला. आधी बुडबुडा मध्यावर आणला, मग डोळा लावला. हंड्या सरळ लोंबत होत्या, आणि भिंतीवर टांगलेली ती एक हंडी भिंतीपासून दूर, एकटी, ओळंब्यात. खांब वर फाकलेले होते. या वेळी ती डावीकडे सरकली नाही. आरशासमोरच उभी राहिली.

आठवडाभराने गवंडी आले. टेकू लावून त्यांनी आधी आरसा उतरवला. आरशामागे वरपासून खालपर्यंत भेग होती, मनगटापर्यंत हात आत जाईल इतकी, आणि तिच्यातून नदीचा गार वारा येत होता. गवंड्यांचा म्होरक्या बराच वेळ तिथे कान लावून उभा राहिला आणि मग त्याने सगळ्यांना बाहेर जायला सांगितले. नंतर ती भिंत त्यांनी वरून एकेक वीट काढत उतरवली.

लेन्स आज शिष्येपाशी आहे. म्हाताऱ्याने ती देताना ट्रायपॉडवरची नळी फडक्याने पुसून दिली. तिच्या स्टुडिओत ते दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावलेले आहेत. येणारे लोक पहिल्याचे कौतुक करतात. दुसऱ्यापाशी थबकतात, भिंत अशी वाकडी का आली, कुणी बिघडवलाय हा, असे विचारतात, आणि विचारता विचारता त्यांचे बोट आरशात उभ्या असलेल्या बाईकडे जाते.

तिला ते बरे वाटते. आपण सरळ करून दाखवलेल्या कितीतरी भिंतींच्या आरशांत बोट दाखवायलासुद्धा कुणी नसते.